हरलो काय घराक

त्या थंडीत आमच्या घरात दोन पक्ष पडले होते आणि दोघांचंही जेवण एकाच चुलीवर शिजत होतं. एका पक्षात बाबा आणि मी, दुसऱ्यात एकटी आई. तरीही बहुमत आईचंच होतं, कारण चूल तिच्या ताब्यात होती. वादाचं कारण माझा थोरला भाऊ, नंदूदादा. तो मडगावच्या एका क्लबात गोलकीपर होता, आणि देशातला सगळ्यांत जुना म्हणतात तो फुटबॉलचा कप खेळायला त्याचा क्लब दिल्लीला गेला होता. बाबांना आणि मला वाटत होतं, क्लबाने कप घेऊन यावं. आईला वाटत होतं, क्लबाने होईल तितक्या लवकर हरावं आणि तिच्या मुलाला तिच्याकडे पाठवून द्यावं.

मालवणच्या एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमची खानावळ होती. पुढे गिऱ्हाइकांची बाकं, मध्ये स्वयंपाकघर, मागे आम्ही. खानावळ कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं हे आम्हालाही नीट सांगता आलं नसतं. माझी पुस्तकं सोलांच्या बरणीशेजारच्या फळीवर असायची, त्यामुळे अकरावीचं सगळं शिक्षण मी कोकमाच्या वासात घेतलं. सकाळी पहिली गाडी लागायच्या आधी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ, दुपारी उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं नाहीतर पेडव्याचं तिकलं, म्हणजे माशांचं झणझणीत कालवण, आणि सोलकढी. जेवायला बहुतेक ड्रायव्हर, कंडक्टर, कोर्टात तारखेला आलेले गाववाले आणि बाजारातले दुकानदार. कुठली गाडी आली ते आम्ही नुसत्या हॉर्नवरून ओळखायचो. देवगडची गाडी खोकायची, कुडाळची शिट्टी मारल्यासारखी वाजायची. आई तर गाडी वळणावर असतानाच ड्रायव्हरचं पान मांडायची.

आणि ह्या सगळ्याच्या वर रगड्याचा आवाज. खोबरं-मसाला वाटायचा तो मोठा दगडी रगडा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेला होता आणि त्याचा दांडा आईशिवाय कोणाच्या हाताला वळत नसे. तो फिरायला लागला की पुढच्या बाकांवरच्या गप्पा आपोआप मोठ्याने व्हायच्या. आता माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे. त्याचा आवाज रगड्यापेक्षा मोठा आहे, पण तो चटकन थांबतो, आणि मग घर रिकामं वाटतं. रगडा थांबला तर आमच्याकडे काहीतरी बिघडलं असं समजायची पद्धत होती.

दादाला बारावीनंतर मडगावच्या मामांकडे भांड्यांच्या दुकानात पाठवलं होतं, धंदा शिकायला. तो धंदा शिकला नाही. दुकानामागच्या मैदानात संध्याकाळी जाऊन उभा राहू लागला आणि वर्षभरात क्लबाने त्याला उचललं. आईला हे कळलं तेव्हा तिने बाबांना विचारलं की पोरगा नक्की करतो काय. बाबा तरुणपणी मुंबईत गिरणीत होते, सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन फुटबॉल बघायचे, खेळाचे अगदी वेडे. त्यांनी तिला मन लावून समजावलं की दहा जण पळतात आणि एक जण दोन खांबांच्या मध्ये उभा राहतो, तो आपला नंदू. आईने विचार केला आणि तिला वाटलं, पोराला खेळायला घेत नाहीत, म्हणून बाजूला उभा करतात. तिचा हा समज बरीच वर्षं गेला नाही. त्यातून दादा तेव्हा राखीव गोलकीपर होता. म्हणजे जो उभा राहतो, तो पडला तर त्याच्या जागी उभं राहायला थांबलेला. हे कळल्यावर तर आईने कपाळाला हात लावला.

तिचं अगदीच चुकत होतं असं मात्र नाही. तिची पंचेचाळिशी उलटली होती, खांदा दुखायचा, आणि खानावळ तिने स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. बाबा पानं वाढायला आणि गप्पा मारायला उत्तम, पण चुलीजवळ निरुपयोगी. आपल्यामागे दादाने खानावळ बघावी हे तिने तो रांगत होता तेव्हाच ठरवून टाकलं होतं. शिवाय तिला भीती वाटायची. त्याच वर्षी दादा चतुर्थीला घरी आला तेव्हा त्याच्या भुवईवर टाके होते, आणि कसे पडले ते त्याने खरं खरं सांगितलं. पळत येणाऱ्याच्या पायातून चेंडू काढायला गोलकीपरला तिथे डोकं घालावं लागतं, असं तो म्हणाला. आईने त्याच्या पानात मोदक वाढता वाढता त्याला बजावलं की हे एक वर्ष घे, दिल्लीचा तो कप होईपर्यंत. तोवर त्यांनी तुला खेळवलं तर पुढचं पुढे बघू. नाहीतर परत यायचं आणि इथे बसायचं. दादा मान खाली घालून बरं म्हणाला. मोदक मात्र त्याने एकच खाल्ला, आणि माझ्या भावाने एकच मोदक खाणं ही आमच्याकडे वाईट बातमी होती.

क्लब दिल्लीला गेला तेव्हा बाबांनी आईला कपाची पद्धत समजावून सांगितली. हे काही सारखं खेळत राहायचं नसतं, एकदा हरला तो बाहेर. त्यांनी ते मालवणीत थोडक्यात सांगितलं: "हरलो काय घराक." आई भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता म्हटलं, "मगे हरूंदेत."

बाबांना हे इतकं लागलं की त्या दुपारी ते गिऱ्हाइकांना सोलकढी वाढायलाच विसरले.

आमच्याकडे मोठी कामं देवीला विचारल्याशिवाय होत नाहीत. लग्न, विहीर, नवीन होडी, सगळ्याला कौल लावतात. गुरव देवीच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे तुमची मागणी देवीला मोठ्याने सांगतो, आणि सगळे पाकळ्यांकडे टक लावून बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. पुढच्या मंगळवारी आई मला घेऊन देवळात गेली. आमच्या देवीचा गुरव बाळा, आमच्याकडेच दुपारी जेवणारा. त्याने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं, की म्हाराजा, हिचो झील दिल्लीक गेलो हा, तेका सुखरूप आणि बेगीन घराक हाड, तो घराक इलो काय ही तुजी ओटी भरतली. आई प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होती, आणि 'बेगीन', म्हणजे लवकर, ह्यावर जरा जोरात. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी खाली आली. आई देवळातून जी निघाली ती दहा वर्षांनी लहान होऊन निघाली.

मला ते पोटात दाबून ठेवणं जमलं असतं. पण त्याच संध्याकाळी बाबा मला घेऊन मिठाचं निमित्त करून बाहेर पडले आणि मिठाच्या दुकानाऐवजी देवळात गेले. त्यांना आईच्या कौलाची कल्पना नव्हती. त्यांनी कप मागितला. बाळा गुरवाने एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली. देवीने एकाच दिवशी नवऱ्याला आणि बायकोला, दोघांनाही हो म्हटलं होतं, आणि हे जगात फक्त बाळा गुरवाला आणि मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून बाळा जेवायला आला की मान वर करत नसे. भात संपवायचा, ताक प्यायचा आणि चप्पल पायात सरकवत निघून जायचा.

पहिला सामना क्लबाने जिंकला. आमच्याकडे गोव्याचं रेडिओ केंद्र स्वच्छ लागायचं, संध्याकाळच्या बातम्यांत निकाल सांगायचे. बाबा ओरडलेच. आई म्हणाली, देवी वायच उशीर करता, पण करतली. दुसरा सामनाही जिंकला, आणि त्या बातमीत पुढे एक वाक्य होतं. क्लबाच्या मुख्य गोलकीपरचा गुडघा दुखावल्यामुळे मालवणच्या नंदकुमारने अर्धा सामना गोल राखला. एवढंच. पण रेडिओवर मालवणचं नाव आलं होतं, तेही आमच्या नंदूच्या नावाला जोडून. बाबांनी त्या रात्री प्रत्येक पानावर एक बांगडा जास्त वाढला. आईने दुसऱ्या दिवशी एकेक कमी वाढून बरोबरी केली.

आईची मात्र पंचाईत झाली होती. तिनेच घातलेली अट होती, की त्यांनी तुला खेळवलं तर पुढचं पुढे बघू. आता खेळवलं होतं. ती आणखी जोरात वाटू लागली, आणखी जोरात भांडी घासू लागली, आणि मी विचारलं तर म्हणाली की देवीने दिलेला कौल म्हणजे दिलेला कौल.

उपांत्य सामना गोव्याच्या केंद्राने संपूर्ण ऐकवला, कोंकणीत. दुपारची वेळ. गिऱ्हाइकं जेवून हात धुऊन परत येऊन बाकांवर बसली. शेजारचे हमीदभाई आले, ते मासळीचे व्यापारी, आम्हाला मासळी तेच द्यायचे. दोन ड्रायव्हर आपल्या गाड्या स्टँडवर उभ्या करून आले आणि आतल्या प्रवाशांचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. बाबांनी रेडिओ तांदळाच्या पिंपावर ठेवला. आणि बरोबर त्याच वेळी आईने रगड्यात खोबरं घातलं. त्या दिवशी संध्याकाळच्या जेवणाला अजून खूप अवकाश होता, सगळ्यांना कळलं की हे वाटण खोबऱ्याचं नाही. घरघर अशी की निवेदकाचं एक वाक्य ऐकू यायचं आणि एक बुडायचं. हमीदभाईंनी बाबांकडे बघितलं. बाबांनी खांदे उडवले. आईला थांब म्हणायची हिंमत त्या गल्लीत कोणाचीच नव्हती.

सामन्याच्या सुरुवातीलाच गोल झाला. आमच्यावर. निवेदकाने सांगितलं की साधा सरपटत आलेला चेंडू होता, गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून आत गेला. वर आणखी म्हणाला, पोर नवीन आहे, घाबरलंय, त्याचे हात कापताना इथून दिसतायत.

रगडा थांबला.

आई पदराला हात पुसत दारात आली. हाताला खोबरं तसंच होतं. "कोण म्हणता तो, हात कापतत म्हणान?" तिने रेडिओकडे बघून विचारलं. "माझ्या झिलाचे हात कापनत नाय. सुरमयेचा मुंडका एका घावात येगळा करता तो. ह्या मेल्यान कधी सुरमय धरल्यान हा?" हमीदभाई हळूच म्हणाले, वयनी, तो निवेदक आहे, त्याला बोलायचे पैसे मिळतात. आई म्हणाली मग नीट बोलावं. आणि ती परत आत गेली नाही. पिंपाच्या बाजूला उंबऱ्यावर बसली.

त्यानंतरचे दोन तास माझ्या आयुष्यातले मजेचे तास होते. आईला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं आणि सगळं त्याच वेळी कळून घ्यायचं होतं. चेंडू आता कुठे आहे. आपल्याकडे की त्यांच्याकडे. कॉर्नर म्हणजे काय, आणि तो त्यांना का दिला, आपण काय केलं होतं. बाबा एकीकडे ऐकत होते आणि एकीकडे तिला सांगत होते, आणि सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्यांची बायको इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलतेय असं वाटावं. आमच्या क्लबाने शेवटाकडे गोल फेडला. मग बरोबरी मोडायला एकेकाने थेट गोलवर मारायचं, समोर एकटा गोलकीपर. आईला हे पटलंच नाही. सगळ्यांनी मिळून खेळायचं आणि निवाडा एकट्या तिच्या पोरावर सोडायचा, हा कुठला न्याय. तिने माझा हात धरला होता आणि त्या खोबऱ्याने माझं मनगट ओलं झालं होतं. दादाने एक अडवला. मग आणखी एक अडवला. दुसऱ्याच्या वेळी निवेदक काय म्हणाला ते ऐकूच आलं नाही, कारण ड्रायव्हर बाकांवर उभे राहिले होते. आई बसूनच होती. ती रडत होती आणि हसत होती, आणि मधूनच त्या निवेदकाला म्हणत होती, "सांग आता. कोणाचे हात कापतत ते सांग."

त्या रात्रीचं वाटण अर्धवटच राहिलं होतं. जेवताना खोबऱ्याचे तुकडे दाताखाली आले. कोणी तक्रार केली नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून आई गप्प झाली. बाबांना वाटलं दमली असेल. मला कारण माहीत होतं. तिने देवीला सांगून ठेवलं होतं, बेगीन घराक हाड, आणि देवीने हो म्हटलं होतं. हरल्याशिवाय तो लवकर घरी येणार कसा? म्हणजे अंतिम सामन्यात त्याला पाडायची सोय तिने स्वतःच करून ठेवली होती. हसू येतं आज. तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकं यायच्या वेळेला तिने चूल बाबांच्या हवाली केली, हे पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि मला घेऊन देवळात गेली. बाळा गुरवाला म्हणाली, दिलेलं गाऱ्हाणं मला परत घ्यायचं आहे. बाळा गडबडला. नवस फेडतात, कौल पुन्हा लावतात, पण मागितलेलं देवीने कबूल केल्यावर नको म्हणायला आजवर कोणी आलं नव्हतं. तो म्हणाला, वयनी, देवीन उजवो दिलो हा, आता तो मोडूक माझ्या हातात नाय. आई म्हणाली तुझ्या हातात नाहीच, तिच्या हातात आहे, तू पाकळ्या लाव.

त्याने लावल्या. आईने त्याला बोलूच दिलं नाही, स्वतः बोलली. गुरवाला मध्ये न घेता बाईने असं बोलायची रीत नव्हती, पण बाळाने हात जोडून मान खाली घातली. ती म्हणाली, माझी चूक झाली. मला वाटलं होतं त्याला उगाच उभा करतात. तो एकटाच सगळ्यांचं राखतो हे मला ठाऊक नव्हतं. आता तू मी आधी बोलले ते ऐकू नको. आम्ही बघत बसलो. पाकळी काही पडेना. ऊन सभामंडपात आलं, खांबापर्यंत सरकलं. बाळाने दोनदा पाणी शिंपडलं. मला भूक लागली होती. आई हलत नव्हती. शेवटी एक पाकळी सुटली आणि खाली घरंगळली. डावी.

बाळा म्हणाला, आणखी एकदा विचारूया. आईने नको म्हटलं. तिने पदर खोचला, देवीकडे बघितलं आणि म्हणाली, "बरा. तुझा तू बघ. माझ्या झिलाक मी आसय."

घरी आलो तर बाबांनी बांगड्याचं तिकलं केलं होतं. तिरफळं घालायची विसरले होते आणि मीठ दोनदा घातलं होतं. कुडाळच्या ड्रायव्हरने मला बाजूला घेऊन विचारलं, वयनी आजारी आसत काय.

अंतिम सामना टीव्हीवर होता आणि गल्लीत टीव्ही एकच, हमीदभाईंकडे, त्यांच्या भावाने कुवेतहून आणलेला. हमीदभाईंची बायको खतिजाभाभी आणि आई ह्यांची मैत्री परसातल्या कुंपणावरची. ईदला तिकडून खुर्मा यायचा, चतुर्थीला इकडून मोदक जायचे, पण पुढच्या खोलीत आई कधी जाऊन बसली नव्हती. त्या दिवशी भाभीने तिला टीव्हीसमोरची खुर्ची दिली आणि पुरुषांना जमिनीवर बसवलं. चित्र मुंग्या मुंग्या येणारं. हमीदभाईंचा मुलगा कौलांवर चढून अँटेना गोव्याच्या दिशेला धरून बसला होता. माणसं ओळखू येत नव्हती. पण कॉर्नर झाला, आणि गोलमधल्या त्या धूसर माणसाने दोन्ही तळवे मागे विजारीला घासून पुसले, मासे साफ करून झाल्यावर दादा पुसायचा तसेच. आई म्हणाली, "तो बघा नंदू." तिचा मुलगा खांबांमध्ये एकटा उभा होता, आणि तो कशासाठी उभा आहे ते तिला आता दिसत होतं. त्याने किती चेंडू अडवले ते मला सांगता येणार नाही. एकदा तो एकाच्या पायात पडला तेव्हा आईने डोळे मिटले आणि भाभीने तिच्या मांडीवर हात ठेवला.

सामना संपत आला होता. एक उंच चेंडू आला. दादा गोल सोडून पुढे धावला, उडी मारली, आणि चेंडू त्याच्या बोटांवरून मागे गेला. कोणीतरी डोकं लावलं. मागे रिकामा गोल होता. चित्रात मुंग्या आल्या, गेल्या, आणि समोरचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. दादा गुडघ्यांवर बसला होता. आई हळूच म्हणाली, "तो बाहेर कित्याक इलो?" बाबा म्हणाले, त्याला यायलाच हवं होतं, उंच चेंडू गोलकीपरचाच. नुसतं बोटभर कमी पडलं. माझा नातू हल्ली फोनवर परदेशातले सामने बघतो आणि मला विचारतो, आजी, गोल झाल्यावर तू गोलकीपरकडेच का बघतेस. कोणीतरी बघायला हवं, असं मी सांगते.

हरल्यावर दादा घरी आला. उपविजेत्यांचं पदक त्याने पिशवीच्या तळाशी कपड्यांखाली ठेवलं होतं, ते मीच शोधून काढलं. आईने त्याला पोटाशी धरलं, दुसऱ्या दिवशी देवीची ओटी भरून आली, नवस फिटला. बाबांच्या कौलाचा हिशेब देवीकडेच राहिला. दादाने अंगावर जुना सदरा चढवला आणि स्वतःहून पानं वाढायला लागला. कोणी काही सांगितलं नव्हतं. नारळ तो फोडायचा, मासे तो चिरायचा, रगडासुद्धा फिरवायचा, आणि त्याच्या हाताला तो वळायचा. ड्रायव्हर खूश होते. आईला जन्मभर जे हवं होतं ते तिच्या डोळ्यांसमोर भाताचं तपेलं घेऊन फिरत होतं. संध्याकाळी किनाऱ्यावरून पोरं त्याला बोलवायला यायची, तो काम आहे म्हणायचा. काम नसायचं. तो मागच्या पायरीवर बसून राहायचा. आई त्याच्या पाठीकडे बघायची आणि परत आत जायची.

असा आठवडा गेला असेल. हमीदभाईंची मासळीची गाडी मडगावला जायची. एका सकाळी ते मासळी द्यायला आले आणि सहज म्हणाले, वयनी, क्लबवाले तुमच्या मुलाची वाट बघून थकले. पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला कायमचा, आता नंदूच. त्याला तर हे दिल्लीहून येताना गाडीतच सांगितलं होतं म्हणे. आईने बांगडे मोजून घेतले, हमीदभाईंना चहा दिला. त्यांना वाटेला लावलं आणि मग दादाला हाक मारली.

तिने त्याला आधी जेवायला बसवलं. सुरमय तळली होती, मधल्या वेळेलाच. तो जेवेपर्यंत ती एकेक तुकडी वाढत राहिली. मग विचारलं, बोलावलं होतं ते का सांगितलं नाही. दादा पानाकडे बघत म्हणाला, "माका जमाचा नाय आता. सगळ्यांनी बघल्यानी. मी बाहेर गेलंय आणि चेंडू मागे गेलो."

आई म्हणाली, "मीय बघलंय. तू गेलंस ता बरा केलंस. बोटभर कमी पडला. परत जा आणि बोटभर जास्त उडी मार."

"आणि खानावळ?"

"खानावळ माझी आसा. तुका कोणी दिली?"

दादाने मान वर केली. मला वाटलं होतं तो वाद घालेल. तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि माझेही. बाबा उगाच बाहेर जाऊन बाकं पुसू लागले.

पणजीची गाडी दुपारची होती, पुढे मडगावची मिळायची. आईने डबा भरला, तिखटाची पुडी दिली, खोबरेल दिलं, आणि आम्ही सगळे स्टँडवर गेलो. कंडक्टर आमच्याकडेच जेवणारा, आईला मान देणारा. दादा खिडकीजवळ बसल्यावर आई दारापाशी गेली आणि कंडक्टरला म्हणाली, "गोव्याच्या हद्दीर इन्सुलीक चेकिंगाक गाडी थांबतली. थंय ह्येका खाली उतरूक दिव नको. घराक येतंय म्हणात, आयकू नको तेचा."

कंडक्टरने हो वयनी म्हटलं आणि दार लावून घेतलं.